जर्मनला शनिवार, मराठीला सुट्टी

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे ‘काहीतरी हलकंफुलकं, दोन-तीन पानी’ मागितलं होतं. पानं जमली आहेत, हलकंफुलकं जमलेलं नाही. त्यांनी हा लेख तरीही छापला तर त्यांचे आभार. आणि वाचून कोणाला राग आलाच, तर तो माझ्यावर काढावा, त्यांच्यावर नको.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, की मी गेली अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी इथल्या जर्मन शाळेत लहान मुलांना जर्मन शिकवते. पुण्यात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी ही भाषा शिकले, मॅक्सम्युलर भवनच्या परीक्षा दिल्या, आणि लग्नानंतर इकडे आल्यावर घरात बसून कंटाळलेल्या मला याच भाषेने बाहेर काढलं. तेव्हा ‘हिला जर्मनचं वावडं आहे’ असं तरी कोणी म्हणू नये. जर्मन सुंदर भाषा आहे, शिकावी, मुलांना जरूर शिकवावी. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. मराठीच्या वर्गातून मुलाचं नाव काढायचं आणि ते जर्मनच्या वर्गात घालायचं, ही जी नवी चाल आपल्याकडे पडली आहे, तिच्याशी. ही चाल आता इतकी पुढे गेली आहे, की मंडळाचा मराठीचा वर्ग शनिवारवरून हलवून एक आड एक रविवारी घ्यावा असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. कारण काय, तर शनिवारी ‘मुलं जर्मनला असतात’. म्हणजे जो वर्ग मी घेते, त्याच्यापायी माझ्याच भाषेचा वर्ग निम्मा होणार. गप्प कशी बसू?

दर ऑगस्टमध्ये नावनोंदणी सुरू झाली की मला फोन येतात. बोलणं साधारण ठरलेलं असतं. “काकू, आमच्या धाकट्याला तुमच्याकडे घालायचं म्हणतोय. मराठी सध्या थांबवतोय. दोन्ही झेपत नाही हो त्याला. आणि मराठी काय, घरी येतंच की!” मी नाव लिहून घेते, कारण शाळेच्या नियमाप्रमाणे मला कोणाला नाही म्हणता येत नाही. पण फोन ठेवल्यावर जे तोंडावर येतं, ते आज लिहून टाकते.

‘दोन्ही झेपत नाही’ हे आधी घेऊ. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांकडे बघून सांगते, की सुरुवातीच्या वर्षांत जर्मन सगळ्यात सहज कोणाला जात असेल, तर घरी जर्मन असलेल्यांच्या खालोखाल ज्यांना मराठी खरोखर बोलता येतं त्यांना. यात जादू काही नाही. दोन्ही भाषांचं व्याकरण शेजारी ठेवून बघा.

जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं असतात. डेर, डी आणि डास. नुसत्या इंग्रजीत वाढलेल्या मुलाला हे मुळातच पटत नाही. टेबल पुल्लिंगी का, दिवा स्त्रीलिंगी का, म्हणून ते पोर माझ्याशी हुज्जत घालतं. मार्क ट्वेनसारखा माणूससुद्धा या भाषेने असा काही गांजला, की १८८० मध्ये त्याने तिच्यावर एक आख्खा निबंध लिहून सूड उगवला. जर्मन लोक मुलीला नपुंसकलिंगात घालतात, ही त्यातली एक मोठी तक्रार. डास मेडशेन! आता मराठी मुलाला यात नवल काय वाटायचं? आपल्याकडे ते पोरगं असतं, ते लेकरू असतं, ती खुर्ची, ते टेबल आणि तो दिवा असतो. हिंदीने नपुंसकलिंग केव्हाच टाकून दिलं. आपण, आपली कोकणी भावंडं आणि गुजराती मंडळी, यांनी ते सांभाळलं. आपली लिंगं जर्मनशी जुळतात असं नाही, ती वेगळी पाठ करावीच लागतात. पण वस्तूबरोबर तिचं लिंगही लक्षात ठेवायचं आणि ‘का’ म्हणून विचारत बसायचं नाही, ही सवय ज्याच्या कानाला आहे, त्याचा निम्मा त्रास वाचतो.

आकड्यांचं बघा. जर्मनमध्ये एकवीसला म्हणतात ‘आइनउंडत्स्वान्त्सिश’, म्हणजे एक-आणि-वीस. ऐकून बावन्न लिहायला सांगितलं की वर्गातली अमेरिकन मुलं पंचवीस लिहून मोकळी होतात, कारण दोन आधी ऐकू येतो. आपल्या एकवीस, बावीस, बावन्नमध्येही एकक आधी आणि दशक मागून. ज्याला बावन्न म्हणजे काय ते कळतं, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि घड्याळ! ‘हाल्ब द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’. मुलं हमखास साडेतीन म्हणतात. पण त्याचा अर्थ होतो अडीच. तिसऱ्या तासातला अर्धा झाला, म्हणून अर्धा तीन. आपला ‘अडीच’ आला आहे संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा. ‘दीड’ आला ‘द्व्यर्ध’वरून, दुसरा अर्धा. आणि जर्मनमध्ये दीडसाठी जो ‘आन्डर्टहाल्प’ शब्द आहे, त्याचाही अर्थ दुसरा अर्धाच. एवढ्या लांबच्या दोन भाषांनी अर्ध्याचा हिशेब करायची एकच रीत ठेवावी, हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. मी मोठ्या हौसेने फळ्यावर जर्मन शब्दाशेजारी ‘अडीच’ लिहिते, आणि समोरचं जोशी-कुलकर्णी-पाटलांकडचं पोर विचारतं, “व्हॉट इज अडीच?”

शब्दांच्या क्रमाचं तर काय सांगू. ‘कारण मी दमलेला आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश म्यूडे बिन’. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, म्यूडे म्हणजे दमलेला, बिन म्हणजे आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. क्रियापद शेवटी ठेवायचं, हे अमेरिकन मुलांच्या गळी उतरवायला मला महिने लागतात. ‘मूल’चं ‘मुलाबरोबर’ होतं, ‘घोडा’चं ‘घोड्यावर’ होतं, म्हणजे पुढे काही जोडलं की शब्द वाकतो, हे ज्याला बोलता बोलता आलेलं आहे, त्याला जर्मनच्या विभक्ती डोक्यावरून जात नाहीत. ‘त्सूक’ म्हणजे आगगाडी. त्यातला ‘त्स’ आपल्या चमच्यातल्या ‘च’सारखा. इतर मुलं ‘झूग’ म्हणतात, आपलं मूल चमच्याचा च काढतं आणि शाबासकी मिळवतं, अर्थात घरात चमच्याला चमचा म्हणत असतील तर. आणि ‘डू’ कोणाला म्हणायचं, ‘झी’ कोणाला म्हणायचं, हे ज्याने तू आणि तुम्ही ऐकलेलं नाही त्याला नियमाने शिकवावं लागतं. मराठी घरातल्या मुलाला एवढंच सांगायचं, की आजोबांना जे म्हणतोस ते. (इथे एक गफलत होते. जर्मन नातवंडं आजोबांना ‘डू’च म्हणतात. मग मी ‘आईच्या ऑफिसातले साहेब’ असं उदाहरण देते.)

थोडक्यात काय, मराठीच्या जोरावर जे मूल जर्मन पटकन शिकेल, त्याची मराठीच काढून घेऊन तुम्ही त्याला माझ्याकडे पाठवता. वर म्हणता, दोन्ही झेपत नाही. शिडी विकून आंबे उतरवायला निघालेल्या माणसाला आपण काय म्हणतो?

आता ‘घरी येतंच की’. येतं का? आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं, आणि याला आपण अभिमानाने म्हणतो, ‘समजतं हो त्याला सगळं’. सगळं म्हणजे काय? जेव, आवर, चल, झोप. एवढं तर आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही समजतं, आणि तेही इंग्रजीत. ज्या मराठीत मुलाला भांडता येत नाही, खोटी सबब सांगता येत नाही, आजीला फोनवर शाळेतली गंमत सांगता येत नाही, ती मराठी त्याला येते असं म्हणायची सोय नाही.

इथे जरा हिशेब मांडते, कारण आपल्यातले निम्मे इंजिनियर आहेत आणि त्यांना आकड्यांशिवाय पटत नाही. आमचा शनिवारचा वर्ग तीन तासांचा. सुट्ट्या, बर्फ आणि थँक्सगिव्हिंग वजा जाता वर्षाला तीस शनिवार मिळतात. म्हणजे नव्वद तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात वकिलातीच्या माणसांना भाषा शिकवणारी जी संस्था आहे, ती जर्मनमध्ये व्यवस्थित काम करता येण्यासाठी किमान साडेसातशे तासांचा वर्ग धरते, आणि तेसुद्धा मोठ्या, शिकायची गरज असलेल्या माणसांसाठी. म्हणजे शनिवारी-शनिवारी गेलात तर आठ वर्षं. मध्ये सॉकर, कराटे, वाढदिवस आणि भारतवारी आली की नऊ-दहा. आता दुसरीकडे बघा. रोज रात्री जेवताना अर्धा तास फक्त मराठीत बोलायचं ठरवलं, तर वर्षाला एकशे ऐंशीहून जास्त तास होतात. माझ्या वर्गाच्या दुप्पट. फी नाही, गाडी काढायला नको, आणि वरण-भात गरम मिळतो.

तरीही हे जमत नाही आणि शनिवारचं जमतं. का जमतं? कारण तिथे पैसे भरलेले असतात. आमच्या शाळेची फी शेकड्यांनी डॉलर आहे. मूल उशिरा आलं तर नोंद होते, गृहपाठ झाला नाही तर घरी चिठ्ठी जाते, तीन शनिवार चुकले तर बोलावणं येतं. आणि हेच आईवडील, अगदी हेच, तिथे नऊला पाच मिनिटं असताना हजर असतात. मंडळाच्या मराठी वर्गाला मात्र वीस मिनिटं उशिरा, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन, ‘सॉरी हं, आज जरा लवकर निघू का?’ मराठीची शिक्षिका फुकट शिकवते, म्हणून तिचा वेळही फुकटचा.

यात मंडळाचाही दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की वर्गाची खोली जाते. सहा वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकाच चटईवर बसतं आणि दोघंही ‘क कमळाचा’ गिरवतात. बारा वर्षांच्या मुलाने कंटाळू नये तर काय करावं? जर्मन शाळेत मूल आलं की पहिल्या दिवशी त्याला काय येतं ते बघतात आणि त्याप्रमाणे वर्ग देतात. घरी भाषा बोलणारी मुलं वेगळी, न बोलणारी वेगळी. आपल्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांचा इयत्तावार अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत. गावोगावी लोकांनी रात्री जागून ही यंत्रणा उभी केली आहे. ती वापरायची सोडून आपण दर वर्षी नव्याने ‘काहीतरी फन’ शोधत बसतो.

माझ्या वर्गातल्या जर्मन घरांबद्दलही सांगायला हवं, कारण पालक मला ‘त्यांचं काय, त्यांना सोपं आहे’ असं ऐकवतात. मुळीच सोपं नाही. जर्मन आई जर्मनमध्ये विचारते आणि मूल इंग्रजीत उत्तर देतं, हे दृश्य मी दर शनिवारी पार्किंगमध्ये बघते. नावं बदलली की आपलंच घर. त्यातली एक ड्रेस्डेनची आई आहे, दवाखान्यात पाळ्या करते, शुक्रवारी रात्रपाळी करून शनिवारी सकाळी दोन मुलांना घेऊन चाळीस मिनिटं गाडी चालवत येते. मी तिला एकदा विचारलं, एवढं कशासाठी? मला वाटलं, परीक्षेबद्दल बोलेल, जर्मनीतल्या कॉलेजबद्दल बोलेल. ती म्हणाली, माझ्या आईला इंग्रजी येत नाही. बस, एवढंच. नंतर ती गाडीत जाऊन झोपली.

ड्रेस्डेनच्या ओमासाठी ती बाई हे करते. सांगलीच्या आजीला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगायला हवी का? आणि येत असलं, तरी आजीने नातवाशी बोलायला स्वतःची भाषा सोडायची, हा कुठला न्याय?

या देशात जर्मन भाषेचं काय झालं, ते तर प्रत्येक मराठी आईबापांनी एकदा वाचावं. आज आपण म्हणतो, ‘आपण आता बरेच झालो आहोत, भाषा टिकेल’. जर्मन लोक बरेच नव्हते, अफाट होते. सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत १८४० पासून मुलं जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकत होती. सिनसिनाटी, मिलवॉकी, सेंट लुईस या पट्ट्यात चर्च जर्मन, वर्तमानपत्रं जर्मन, गाण्याची मंडळं जर्मन. बॉस्टनमधली जर्मन शनिवार शाळा १८७४ सालची आहे. आपल्या मंडळाला पन्नास वर्षं झाली की आपण सुवर्णमहोत्सव करतो!

मग १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन बोलणं हा संशयाचा विषय झाला. आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव नको म्हणून त्याला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायची टूम निघाली. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदाच केला, की आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी कोणतीही आधुनिक भाषा शिकवायची नाही. तिथल्या एका चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक होते. त्यांनी दुपारच्या सुट्टीत दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमध्ये वाचायला शिकवल्या. मे १९२० मधली ही गोष्ट. सरकारी वकील वर्गात आला, तरी मेयर थांबले नाहीत. त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरून विषय मिटवला नाही, खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि जून १९२३ मध्ये कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. आज मुलांना शाळेत कोणतीही भाषा शिकवायचा आपल्याला जो हक्क आहे, त्यात त्या शिक्षकाचा वाटा आहे. आपल्या मराठी वर्गाच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायला माझी हरकत नाही.

खटला जिंकला, पण भाषा? आज या देशात चार कोटींहून जास्त लोक आपलं मूळ जर्मन असल्याचं सांगतात. घरी जर्मन बोलणारे दहा लाखसुद्धा भरत नाहीत. सगळाच दोष कायद्याचा नाही. युद्धाच्या भीतीने, शेजाऱ्यांच्या लाजेने आणि ‘मुलांना इंग्रजी चांगलं यावं’ या काळजीने लाखो घरांनी आपणहून जेवणाच्या टेबलावरची भाषा बदलली. ती एकदा बदलली, की पुढच्या पिढीला ती शनिवारी, फी भरून, माझ्यासारख्या पुण्याच्या बाईकडून शिकावी लागते. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत. आडनाव अस्सल जर्मन, पणजोबा ब्रेमेनहून आलेले, आणि ‘माझं नाव अमुक’ हे वाक्य त्यांना मी शिकवते. मी शिकवते! हसू नका. आपली पणतवंडं मराठी कोणाकडून शिकतील, याचा विचार करा. निदान जर्मनचं काही अडलेलं नाही, मागे आख्खा देश उभा आहे, गोएथे इन्स्टिट्यूट आहे, पुस्तकं आहेत, पाठवलेले शिक्षक आहेत. आपल्यामागे कोण आहे? आपलंच स्वयंपाकघर.

‘उपयोग’ या शब्दाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तो शब्द ऐकून ऐकून मला कंटाळा आला आहे. जर्मनीत कॉलेज फुकट असतं, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला जर्मन! सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीला दीड हजार युरो भरावे लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ मध्ये अशी फी सुरू केली, आणि राहण्याखाण्यासाठी वर्षाचे बारा हजार युरोंच्या आसपास दाखवावे लागतात ते वेगळेच. इथला नुसता हायस्कूल डिप्लोमा बहुधा पुरत नाही, एपीचे विषय लागतात. आणि बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना जी वरच्या पातळीची जर्मन लागते, ती गाठेपर्यंत टिकणारी मुलं माझ्या वर्गात थोडी असतात. जी टिकतात त्यांना ती भाषा आवडलेली असते, उपयोगाचं त्यांच्या डोक्यातही नसतं. कॉलेजच्या अर्जात लिहायला म्हणाल, तर दोन भाषा येणाऱ्या मुलांना डिप्लोम्यावर जो शिक्का मिळतो, तो ‘सील ऑफ बायलिटरसी’, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सुरू केला आणि मग सगळीकडे पसरला. तो इंग्रजीबरोबर दुसरी भाषा येत असल्याबद्दल असतो. ती दुसरी भाषा जर्मनच असावी असं कुठे लिहिलेलं नाही. आपल्या हायस्कूलमध्ये जाऊन मराठीची सोय विचारा तरी. विचारायला गेलेले पालक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले आहेत.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींसाठीही दोन शब्द. माझं एवढं वाचून ते खूश झाले असतील. मंडळाच्या सभेत दर वर्षी एक काका उठतात आणि म्हणतात, “जर्मन कशाला, त्यापेक्षा संस्कृत शिकवा.” काका, मूल मराठी बोलत नाही ही आपली अडचण आहे. त्यावर संस्कृत हा उपाय नव्हे. भारतात २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणलं, तेव्हा वर्ष अर्धं सरलेलं होतं. भाषा एकमेकींवर सोडायच्या नसतात. पुण्यात आम्ही जर्मन शिकत होतो, तेव्हा कोणाच्या घरी मराठी बंद करा असं म्हटलं नव्हतं. सकाळी रानडेमध्ये डेर-डी-डास, दुपारी घरी आईची बोलणी, अस्सल मराठीत. दोन्ही झेपलं.

म्हणून माझं मागणं जर्मन बंद करा असं नाही. फोन करून मुलाचं नाव घालणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगते, की यंदापासून मी पहिल्या दिवशी मराठी घरातल्या मुलांना एकवीस ते तीस मराठीत म्हणायला लावणार आहे. येत नसेल तर प्रवेश थांबणार नाही, तो माझ्या हातात नाही. पण फळ्यावर तिसऱ्या रकान्यात मराठी असेल, आणि गृहपाठाच्या वहीत ‘हे शब्द घरी आईबाबांना मराठीत विचारून आणा’ असं रोज असेल. तक्रार करायची असेल तर मुख्याध्यापिका बाईंकडे करा. त्यांना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, घरची भाषा पक्की असलेली मुलं आम्हाला हवीच आहेत.

आणि कार्यकारिणीला विनंती. एक आड एक रविवारचा प्रस्ताव मागे घ्यावा. बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग वेगळा करावा, मी तो घ्यायला तयार आहे. फी ठेवावी, जर्मन शाळेच्या निम्मी तरी, आणि शिक्षिकांना मानधन द्यावं. तालमीसाठी दुसरी जागा बघावी. जर्मनचा वर्ग शनिवारी बाराला सुटतो. मराठीचा दोनला ठेवा. मध्ये दोन तास आहेत, तेवढ्यात जेवण होतं.